आले आमचे रोसेश!

मैत्रिणींनो, ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आठवते ना? २००४च्या नोव्हेंबरात स्टार वनवर सुरू झाली, २००६मध्ये संपली. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती सासू-सुनेची जुगलबंदी. मध्यमवर्गीय मोनिषाला उठता-बसता नावं ठेवणारी कफ परेडची माया कोण विसरेल! आमच्या घरात मात्र हसू पिकायचं ते बापलेकांवर. बाप इंद्रवदन म्हणजे सतीश शाह आणि धाकटा लेक रोसेश म्हणजे राजेश कुमार. रोसेश नाटकात कामं करणारा, कविता करणारा, ऊठसूट ‘मॉमा, मॉमा’ करणारा. त्याने कविता म्हणायला तोंड उघडलं की इंद्रवदनच्या डोळ्यांत खट्याळपणा आलाच! लेकाच्या आवाजापासून अभिनयापर्यंत काही म्हणून सोडायचा नाही. आपण आपले पोट धरधरून हसायचो.

आमचा मुलगा तेव्हा आठवीत होता. तोही वहीत काहीबाही लिहायचा. एकदा पाहुण्यांसमोर हे म्हणाले, “आले आमचे रोसेश!” सगळे हसले. तोही हसला. खरं सांगते, मीसुद्धा हसले. मग ते नावच पडलं. पुढे कधीतरी ती वही दिसेनाशी झाली आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

हल्ली जुने भाग पुन्हा बघते. (पोळ्या करपतात, ती गोष्ट वेगळी!) इतकी टर उडवूनही रोसेश पुन्हा नव्या दमाने नवी कविता घेऊन हजर होतो, तो कशाच्या जोरावर? वाहवा करायला माया बसलेली असते म्हणून. कविता भिकार असेना का! लेखक आतिश कपाडियांनी बापाला चेष्टेची मुभा दिली, पण लेकाची बाजू घेणारं माणूसही त्याच घरात ठेवलं. म्हणून तर बापाचं बोलणं विनोद ठरतं. मुलाला डोक्यावर बसवून ठेवलंय म्हणून आपण मायाला हसलो. मला आता तिचं तेवढं पटतं. आपल्याकडे बाप चारचौघांत मुलाला बोलला, की आई “अरे, गंमत करताहेत” म्हणून मोकळी होते.

२५ ऑक्टोबर २०२५ला सतीश शाह गेले. रात्री लेकाचा पुण्याहून फोन आला. ह्यांच्याशी चक्क रोसेशच्या आवाजात बोलला. दोघं खूप हसले. मग फोन माझ्याकडे आला. मी विचारलं, “तुझी ती कवितांची वही कुठंय रे?”

“ती होय? दहावीत असतानाच रद्दीत घातली, आई.”