कातडे कोठले, हे आता जंतूच सांगतात

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००९ पासून हेरॉइन टोचून घेणारी माणसे अँथ्रॅक्सने आजारी पडू लागली. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्याकडची काळपुळी, गुराढोरांचा आणि शेळ्यामेंढ्यांचा रोग. वर्षभरात ११९ रुग्ण नोंदले गेले, १४ दगावले. नशेच्या मालात जनावरांचा रोग आला कोठून? अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या जंतूचा संपूर्ण जीनोम वाचला. २०१२ साली त्यांनी जाहीर केले की, याचे सर्वांत जवळचे नातेवाईक तुर्कस्तानातील शेळ्यांत सापडलेले जंतू आहेत. अफगाणिस्तानातून युरोपला जाणारा माल वाटेत तुर्कस्तानात बाधित झाला असावा, असा त्यांचा अंदाज.

हेरॉइनशी आपले काय देणेघेणे? काहीच नाही. पण शेळीच्या कातड्याशी आहे. २००६ साली न्यूयॉर्कचा एक ढोल बनवणारा कारागीर आयव्हरी कोस्टहून आणलेल्या कच्च्या कातड्यांमुळे या रोगाने मरता मरता वाचला. २००८ मध्ये लंडनचा तसाच एक कारागीर वाचला नाही. आपल्याकडे तबला, ढोलकी, डफ मढवणाऱ्या भावांनी हे ध्यानात घ्यावे. वाद्याचे कातडे चपलेच्या चामड्यासारखे कमावलेले नसते. ते भिजवून, खरवडून, ताणून वापरतात. मिठाने कातडे टिकते, या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्यांवर याचे प्रयोग केले, ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडले!

बीजाणू वर्षानुवर्षे निजून राहतो, म्हणून त्याच्या जीनोमच्या सुमारे ५२ लाख अक्षरांत फार थोडी बदलतात. त्या थोड्याच अक्षरांवरून त्याचे घराणे ओळखता येते.

मात्र याला कोर्टाचा निकाल समजू नये. ज्या देशांचे नमुने प्रयोगशाळेत आहेत, त्यांच्याशीच तुलना होते. ज्याचे नमुने नाहीत तो देश सुटतो, शेजाऱ्याचे नाव पुढे येते. शिवाय जीनोम फार तर मुलूख सांगेल, आडत्या सांगणार नाही. ते सांगायचे काम आपल्या वहीचे. कुरआनात उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे; आपण मात्र चार बाजारांची कातडी एका गोदामात टाकतो आणि चिठ्ठीही ठेवत नाही. उद्या एका गठ्ठ्यात दोष निघाला तर अख्खा बाजार बदनाम होईल, आणि ज्याचा माल चोख तोही भरडला जाईल.

ईदुल अज्हाची कातडी जिब्ह केलेल्या निरोगी जनावरांची असतात. धोका आहे तो मुरदार जनावराच्या कातड्यात. नाकातोंडातून रक्त येऊन अचानक मेलेले जनावर तर सोलूच नये. दबागतीने कातडे पाक होते, हा मसला वेगळा आणि सोलणाऱ्याच्या हाताला होणारी काळपुळी वेगळी. असे कातडे स्वस्त पडते, गरीब माणूस चार पैशांसाठी ते आणतो. त्याला नाही म्हणताना त्याची मजुरी कोणी द्यायची, हे मोठ्या आडत्यांनी एकदा बसून ठरवावे.