फाटकाला कुलूप, पाण्याला नाही



डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं. घोड नदीचं पाणी अडलं, तशा वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांच्या वाटाही पाण्याखाली गेल्या. काही वाड्यांना त्यानंतर होडीचाच आधार उरला. तिथल्या महादेव कोळी, कातकरी, ठाकर मुली आश्रमशाळेत राहून शिकतात.

अशाच एका शाळेत मी मुलींशी गप्पा मारायला बसले होते. विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?" पस्तीसजणींत तीन हात वर झाले. मुलगे सुट्टीत पाण्यात उड्या मारतात. "आम्हांला कोण सोडतंय, ताई?" संध्याकाळी पाचला मुलींच्या फाटकाला कुलूप लागतं. सर म्हणाले, "पोरींची जबाबदारी असते आमच्यावर."

शहरातल्या शाळा पैसे भरून मुलांना जुन्नरच्या नाणेघाटात, जीवधनवर आणतात. त्याला साहस शिबिर म्हणतात. आमच्या मुली डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन असेच डोंगर चढतात, त्याला काम म्हणतात.

होडी उलटली तर कुलूप कामाला येत नाही, पोहणं येतं. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मुलींच्या वसतिगृहात बाई अधीक्षक हवी, पोहायला शिकवणारी बाई हवी, होडीत प्रत्येकीला लाइफ जॅकेट हवं. पालकसभेत हे आयांनीच मागायला हवं.

धरणाचं पाणी खालच्या शेतांना मिळालं. वरच्या मुलींच्या वाट्याला निदान त्यात न बुडण्याची विद्या तरी यावी!