बिऱ्हाडकरू आणि त्याचें कुत्रें

बदलापूर ह्या नांवाविषयीं एक लोककथा ठाणें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. मराठ्यांचे स्वार ह्या वाटेनें जातांना दमलेले घोडे येथें बदलीत, म्हणून हें बदलापूर, असें जुनीं माणसें सांगतात. इतिहाससंशोधक ही व्युत्पत्ति मान्य करोत वा न करोत. गांवाला ती प्रिय आहे, एवढें खरें. ज्या गांवानें जनावरांच्या विसाव्यावरून आपलें नांव पडल्याचें अभिमानानें सांगावें, त्याच गांवांत आज कुत्रें अथवा मांजर बाळगणाऱ्या सभ्य कुटुंबाला भाड्याचें घर मिळतां मिळूं नये, ही विसंगति कोणाच्याहि लक्षांत येण्याजोगी आहे. परंतु ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. कारण ज्याला घर नाकारलें जातें तो गरजू असतो, आणि ज्याच्यापायीं नाकारलें जातें तें मुकें असतें. म्हणून ह्या प्रश्नाची उघड वाच्यता करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कल्याणच्या पुढें कर्जतच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन शहरें एकमेकांना लागून वसलीं आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें बारवी नदीवरील धरण १९७२ सालीं पुरें झालें. त्या पाण्यावर इकडचे कारखाने चालले, वस्ती वाढली, आणि वाढत्या वस्तीची तहान भागेना म्हणून पुढें धरणाची उंचीहि वाढवावी लागली. त्या वाढीव पाण्याखालीं गांवें गेलीं, घरें गेलीं, आणि घरांबरोबर गोठेहि गेले. २०११ च्या जनगणनेंत बदलापुरांत सुमारें पावणेदोन लाख, तर उल्हासनगरांत पांच लाखांवर माणसें मोजलीं गेलीं. उल्हासनगरची कथा तर अधिकच बोलकी आहे. सिंधमध्यें सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. तात्पर्य, हा मुलूख पुष्कळसा बिऱ्हाडकरूंनींच वसविलेला आहे. घर नसणें म्हणजे काय, हें ज्यांनीं आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलें, त्यांनीं तरी दाराशीं उभ्या राहिलेल्या कुटुंबाला परत पाठवितांना क्षणभर थांबावें.

आतां घर नाकारण्याचा हा प्रकार कसा घडतो तो पाहा. दलाल घर दाखवितो. भाडें ठरतें, अनामत रक्कम ठरते, दलालीहि ठरते. मग सहज विचारल्यासारखें करून तो विचारतो, "पाळीव जनावर नाहीं ना?" आहे म्हटलें कीं त्याचा चेहरा पालटतो. तो म्हणतो, माझें कांहीं नाहीं हो, पण मालकांना चालणार नाहीं. मालकांना गांठावें, तर ते म्हणतात, आम्हांला स्वतःला कुत्र्यांची मोठी हौस, पण सोसायटी परवानगी देत नाहीं. सोसायटीच्या चिटणीसांकडे जावें, तर ते म्हणतात, आमचा असा नियम कोठें आहे? घर मालकांचें, द्यावें न द्यावें ही त्यांची मर्जी! ह्या तिघांपैकीं एकानेंहि 'नाहीं' म्हटलेलें नसतें, आणि तरी घर मिळालेलें नसतें. ज्या नकाराची जबाबदारी कोणीच घेत नाहीं तो नकार फार चिवट असतो. कारण त्याच्याशीं वाद घालावा तरी कोणापाशीं?

बिऱ्हाडकरूच्या ह्या दुबळेपणाला कायद्यानेंहि हातभार लावला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानें भाडेकरूला जें संरक्षण दिलें, त्याचा मालकवर्गानें एवढा धसका घेतला कीं नवी जागा भाड्यानें देण्याऐवजीं ती 'लिव्ह अँड लायसन्स'च्या करारानें अकरा-अकरा महिन्यांपुरती देण्याचा प्रघात पडला. ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें अशा कराराची मुदत संपतांच जागा सोडण्याचें बंधन घातलें, आणि न सोडल्यास दुप्पट आकाराची तरतूद केली. मालकाची जागा बळकावली जाऊं नये हा हेतु रास्त आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. पण ह्या व्यवस्थेंत बिऱ्हाडकरूचें सारें आयुष्य अकरा महिन्यांच्या तुकड्यांनीं मोजलें जातें, हें विसरून चालणार नाहीं. कुत्र्याचें आयुष्य साधारण बारा-तेरा वर्षांचें धरलें, तर एका कुत्र्याच्या हयातींत त्याच्या धन्याला हीच परीक्षा बारा-चौदा वेळां द्यावी लागते. अकरा वेळां उत्तीर्ण झालेला मनुष्य बाराव्या वेळीं नापास झाला, तर त्यानें त्या म्हाताऱ्या जनावराचें काय करावें?

कायदा ह्या बाबतींत अगदींच मुका आहे असें नाहीं. १९६० सालीं संसदेनें प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यामागें रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांचे परिश्रम होते, आणि त्या कायद्यान्वयें निघालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाहि त्याच झाल्या. ह्या मंडळानें २६ फेब्रुवारी २०१५ रोजीं एक परिपत्रक काढून स्पष्ट सांगितलें कीं, कोणत्याहि गृहनिर्माण संस्थेला बहुमतानें, किंबहुना एकमतानेंहि, रहिवाशांना कुत्रें पाळण्यास बंदी करतां येणार नाहीं. भुंकणें हें बंदीचें कारण होऊं शकत नाहीं. आणि लिफ्ट वापरण्यासहि मज्जाव करतां येत नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें तर अशी बंदी घालणारे संस्थांचे नियम बेकायदा ठरविले. राज्यघटनेंत १९७६ सालीं समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांतहि प्राणिमात्रांविषयीं दयाभाव बाळगण्याचें कर्तव्य नमूद आहे.

परंतु वाचकांनीं एक भेद लक्षांत घ्यावा. हें सर्व बोलणें संस्थांना उद्देशून आहे, मालकाला नव्हे. संस्थेनें कुत्र्याला मज्जाव करूं नये, असें मंडळ म्हणतें. मालकानें कुत्रेंवाल्याला घर द्यावेंच, असें कोणी म्हणत नाहीं. म्हणजे जो फ्लॅटचा धनी आहे त्याच्या कुत्र्याला आधार आहे, आणि जो त्याच जिन्यानें चढणारा बिऱ्हाडकरू आहे त्याच्या कुत्र्याला तो नाहीं. जनावर तेंच, भुंकणें तेंच, जिना तोच. फरक काय तो खरेदीखताचा! ही व्यवस्था न्यायाची आहे असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

आतां मालकपक्षाच्या आक्षेपांकडे वळूं. ते सर्वच पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कुत्रें घर खराब करतें, दारें ओरबाडतें, भिंतींना वास लागतो, हा पहिला आक्षेप. असें होऊं शकतें. पण तान्हीं मुलें भिंतींवर रेघोट्या ओढतात, रोजच्या फोडणीनें स्वयंपाकघराचें छत काळें पडतें, आणि कपडे वाळत घातलेल्या खोलीला पावसाळ्यांत बुरशी येते. ह्या सर्व नुकसानीसाठीं अनामत रक्कम घेतली जाते, आणि घर सोडतांना रंगाचा खर्च कापूनहि घेतला जातो. जी तरतूद मुलांच्या खोड्यांना पुरते ती मांजराच्या नखांना कां पुरूं नये? हवी तर ती थोडी वाढवावी. पण नुकसान होण्यापूर्वींच जन्मठेप सुनावूं नये.

दुसरा आक्षेप भीतीचा. तो आम्ही गंभीरपणें घेतों, कारण कुत्र्याच्या चाव्यानें होणारा जलसंत्रास जीवघेणा आहे. परंतु पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८८५ सालीं त्यावर लस दिली, आणि आज घरच्या कुत्र्याला ती दरवर्षी टोंचून घेतां येते. मग विचारावयाचें तें हेंच कीं लस टोंचली आहे काय? दाखला दाखवा. गळ्यांत पट्टा असतो काय? लिफ्टमध्यें दोरी आंखूड धरतां काय? हे प्रश्न शहाणपणाचे आहेत, आणि प्रत्येक मालकानें ते विचारावे. 'कुत्रें आहे काय?' हा एकच प्रश्न विचारून दार लावून घेणें हें मात्र शहाणपणाचें नव्हे. कारण त्यानें लस टोंचलेलें आणि न टोंचलेलें, शिकविलेलें आणि उनाड, सारींच एका दावणीला बांधलीं जातात.

तिसरा आक्षेप सोवळ्याचा. कुत्रें अमंगळ, तें देवघराच्या वास्तूंत नको, असें कांहीं सज्जन म्हणतात. त्यांच्या श्रद्धेची आम्ही थट्टा करीत नाहीं; पण त्यांच्याच ग्रंथांतील एका प्रसंगाची आठवण देतों. महाप्रस्थानिक पर्वांत सर्व भावंडें आणि द्रौपदी वाटेंत पडल्यावर युधिष्ठिर एकटा स्वर्गाच्या दाराशीं पोंचला. बरोबर होतें तें एक कुत्रें. इंद्रानें त्याला सांगितलें कीं तूं ये, पण कुत्रेंवाल्याला येथें जागा नाहीं. आमच्या वाङ्मयांतील हा पहिला बिऱ्हाडकरू म्हणावयाचा! त्यानें जागा नाकारली, कुत्रें टाकलें नाहीं. आणि हीहि त्याची एक परीक्षाच होती. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव, तहानलेल्या गाढवाच्या मुखीं गंगेची कावड ओतणारे एकनाथ, खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायांशीं बसलेलीं कुत्रीं, हें सारें ज्यांच्या घरांत भिंतीवरील तसबिरींत चालतें, त्यांना तें जमिनीवर कां चालूं नये?

ह्या नकाराचा परिणाम केवळ बिऱ्हाडकरूला भोगावा लागतो, अशी मालकमंडळींची समजूत असेल तर ती चुकीची आहे. नोकरीचें ठिकाण बदललें, करार संपला, मुलाची शाळा जवळ हवी, आणि दहा घरें पालथीं घालूनहि जागा मिळेना, कीं घरांतील वडील मंडळी शेवटीं म्हणतात, "जनावराचें काय तें पाहा." मग तें कोठें जातें? दूरच्या नातेवाइकाच्या अंगणांत गेलें तर नशीब. नाहीं तर स्टेशनाच्या पुलाखालीं, कारखान्यांच्या वसाहतींत, अथवा धरणाच्या रस्त्यावर त्याला सोडून धनी मागें न पाहतां निघून जातो. घरांत वाढलेल्या त्या जनावराला उकिरड्यावर पोट भरणें येत नसतें, आणि रस्त्यावरच्या टोळ्या त्याला आपल्यांत घेत नाहींत. १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, योग्य कारणावांचून जनावराला उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड एवढीच! मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत विनातिकीट सांपडणाऱ्याला ह्याहून अधिक भरावे लागतात. आणि ज्याच्या अटीमुळें हा गुन्हा घडला, त्याला तर दहा रुपयेहि भरावे लागत नाहींत.

येथें एक मौज पाहण्यासारखी आहे. ज्या संस्थांच्या दारांवर पाळीव कुत्र्यांना मज्जाव असतो, त्याच संस्थांच्या सभांतून भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाविरुद्ध ठराव होतात. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रथम दिल्ली व आसपासच्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, आणि थोड्याच दिवसांनीं त्यांत फेरफार केला, तेव्हां देशभर दोन तट पडून मोठा वाद माजला. त्या वादांत कोणाचें खरें, ह्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. पण घरांतलें कुत्रें रस्त्यावर लोटावयाचें आणि मग रस्त्यावर कुत्रीं कां, म्हणून ओरड करावयाची, ही रीत दोन्ही तटांच्या मतें अडाणीपणाचीच ठरावी.

इतर देशांनीं हा प्रश्न कसा सोडविला तें पाहणें उपयुक्त होईल. फ्रान्समध्यें १९७० च्या कायद्यानें राहत्या घराच्या भाडेपट्ट्यांतील पाळीव प्राण्यांवरील सरसकट बंदीची अट निरर्थक ठरविली. मात्र जनावरानें नुकसान अथवा उपद्रव करूं नये ही जबाबदारी कायम ठेवली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें २०१३ सालीं कुत्रीं-मांजरें सरसकट वर्ज्य करणारें छापील कलम अग्राह्य ठरविलें, आणि प्रत्येक प्रकरण आपापल्या गुणदोषांवर तोलावें असें सांगितलें. इंग्लंडनेंहि २०२५ च्या कायद्यानें बिऱ्हाडकरूला जनावरासाठीं परवानगी मागण्याचा हक्क दिला, आणि मालकानें ती विनाकारण नाकारूं नये असें ठरविलें. ह्यांपैकीं कोणत्याहि देशांत मालकी हक्क बुडाला नाहीं. तिघांनींहि एकच साधें तत्त्व स्वीकारलें: नकार द्यावयाचा तर त्याला कारण असावें.

आमची मागणी एवढीच आहे. महाराष्ट्राच्या भाडे कायद्यांत हें तत्त्व घालावें. आणि कायदा होईपर्यंत मालकांनीं तें आपण होऊन पाळावें. करारांत चार कलमें अधिक लिहावीं: लसीकरणाचा दाखला द्यावा, जनावराला मोकळें सोडूं नये, घाण स्वतः उचलावी, नुकसान भरून द्यावें. कलमें मोडलीं तर करार संपुष्टांत आणावा. कोणी दाद मागणार नाहीं.

बिऱ्हाडकरूंनाहि दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. सकाळीं जिन्यांत घाण करवून निमूट निघून जाणारा, दिवसभर कुत्रें गॅलरींत बांधून कामावर जाणारा आणि त्याच्या केकाटण्यानें शेजारच्या आजाऱ्याची झोंप मोडविणारा, असा एक धनी दहा सभ्य कुटुंबांचीं दारें बंद करतो. हौसेनें आणलेलें पिल्लू ही अकरा महिन्यांची नव्हे, बारा-तेरा वर्षांची बांधिलकी आहे. ज्याला ती पेलणार नाहीं त्यानें तें आणूंच नये. घर लपवाछपवीनें घेऊं नये. "आमच्याकडे कुत्रें आहे, हा त्याचा दाखला, ही आमची हमी," असें पहिल्याच भेटींत सांगावें. खरें सांगणाऱ्याला घर मिळतें अशी रीत पडली, तरच लपवाछपवी थांबेल. आणि ती रीत पाडणें आज सर्वस्वी मालकांच्या हातीं आहे.