यंत्राचा कान कोणी पिळावा?

‘बळी तो कान पिळी’ या म्हणीचा अनुभव शाळेत घेतला नाही असा वाचक विरळाच. परंतु माणसांचे कान पिळण्याखेरीज आणखी एक कान पिळणे आपल्या घरोघर अखंड चाललेले असते, आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तंबोऱ्याची खुंटी पिळतात, रेडिओचे बटण पिळतात, पंख्याचा रेग्युलेटर पिळतात. यंत्राला काही सांगायचे झाले की आधी त्याचा कान हाती यावा लागतो. आता आपल्या बोलीत दाबायचे तेही बटण आणि फिरवायचे तेही बटण, असा घोटाळा आहे. म्हणून फिरवायच्या बटणाला मी या लेखात सरळ नॉब म्हणणार आहे. शुद्ध मराठीच्या कैवाऱ्यांनी सणासुदीच्या दिवसांत मला एवढी सूट द्यावी.

या नॉबचा नाद मला लावला माझ्या पुतण्याने. दिवसा तो नोकरी करतो आणि रात्री धंतोलीतल्या आमच्या घराच्या माडीवर बसून विजेवर वाजणारी वाद्ये बनवतो. या वाद्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. आपल्या पेटीत भाता, सूर आणि पट्ट्या एकाच लाकडी घरात नांदतात. इथे प्रत्येकाची चूल वेगळी. एक डबा नुसता सूर उत्पन्न करतो, दुसरा तो गाळून मऊ किंवा कर्कश करतो, तिसरा त्याला लहानमोठा करतो. आणि वाजवणाऱ्याने वायरींनी हे डबे एकमेकांना जोडायचे. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 साली असे वाद्य सिद्ध केले. आपल्याकडे ते यायला फार काळ लागला नाही. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचे यंत्र आले, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे स्टुडिओ उभा करून दिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई अशा आपल्या मंडळींनी त्यावर प्रयोग केले.

पुढे 1995 च्या सुमारास डीटर डोप्फर या जर्मन गृहस्थांनी या डब्यांचे एक आटोपशीर माप रूढ केले, आणि आज जगभरचे हौशी लोक त्याच मापाने डबे बनवतात. उंची 128.5 मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या लांबीहून थोडी कमीच. रुंदी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. पुतण्याचा डबा 40 मिलिमीटरचा, आडव्या आगपेटीहूनही अरुंद. एवढ्याशा जागेत वायरी खोचायची भोके, दिवे आणि नॉब बसवायचे. दोन नॉब शेजारी शेजारी ठेवले तर एकाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य जेमतेम 20 मिलिमीटरवर येतो. आपले बोटच मुळी तितके जाड. वर वायरींचे जंजाळ लोंबत असते ते निराळेच. खानावळीत पंगत दाटली म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात हात जातो, तशी एक नॉब फिरवताना दुसऱ्याला कोपरखळी बसते.

वरून दिसतो तो नॉब म्हणजे केवळ टोपी. तिच्याखाली एक दांडी, दांडीच्या तळाशी कार्बनचा घोड्याच्या नालासारखा पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून सरकणारा धातूचा एक स्पर्शक. दांडी फिरली की स्पर्शक सरकतो आणि व्होल्टेज कमीजास्त होते. दांडी पूर्ण वेढा घेत नाही. साधारण 300 अंश फिरून अडते. मूग यांनी पाडलेला प्रघात असा की व्होल्टेज एकाने वाढले की सूर एक सप्तक चढतो. यात काय मोठेसे, असे वाटेल. पण आपण दिवाळीच्या फराळाबरोबर थोडे गणितही तोंडात टाकून पाहू.

समजा, एका नॉबमध्ये दहा सप्तके सामावायची आहेत. दहा सप्तकांत अर्धस्वर 120. 300 अंशांना 120 ने भागले की एका अर्धस्वराच्या वाट्याला अडीच अंश येतात. पाश्चात्त्य पट्टीवर वाजवणाऱ्याचे यात एखादे वेळी भागेल. आपले भागायचे नाही. षड्ज 240 कंपनांचा धरला तर एक शुद्ध गंधार 300 कंपनांवर येतो आणि त्याची चढी श्रुती 303.75 वर. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला पावणेचार लाटा कानावर आदळतात. ज्याला गाणे कळत नाही त्यालाही काहीतरी खुपते. या दोहोंमधल्या अंतराला आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात, आणि आपल्या नॉबवर ते भरते जेमतेम अर्धा अंश! नॉबचा व्यास 20 मिलिमीटर असेल तर त्याच्या कडेवर बोटाने सरकायचे अंतर एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढे. नॉब दुप्पट मोठा केला तर फार तर दोन केस. एवढ्या अंतरावर गंधार नेमका पकडणे माणसाच्या बोटाला शक्य नाही.

यावरचा तोडगा मात्र जर्मनीत किंवा अमेरिकेत शोधायला नको; तो मिरजेत शतकाहून अधिक काळ तयार आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. पुढे ते वाद्यांकडे वळले, आणि 2024 साली मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या तंबोऱ्याकडे नीट पाहा. वर खुंटी: तिने तार ढोबळ मानाने सुरात आणायची. खाली घोडीच्या पलीकडे तारेत ओवलेला मणी: तो किंचित सरकवून सूर बरोबर जागी बसवायचा. आणि घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा, ज्याने जवारी खुलते आणि सुरातले वरचे स्वर बाहेर येतात. खुंटी ढोबळ, मणी बारीक, दोरा पोताचा. सिंथेसायझरवाल्यांच्या भाषेत हेच तीन नॉब: मोठा, छोटा आणि गाळणीचा. पुतण्याने अर्धस्वरभर खाली आणि अर्धस्वरभर वर एवढाच पल्ला असलेला दुसरा नॉब बसवला, तेव्हा तीच प्रमाणश्रुती सुमारे 32 अंशांत पसरली. कडेवर मोजाल तर साडेपाच मिलिमीटर. आता ती कोणाच्याही बोटाला सापडते.

रेडिओवाल्यांनी हाच पेच निराळ्या तऱ्हेने सोडवला होता. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झाले. ते लावायला कौशल्य लागत नसे. खरी परीक्षा 1952 नंतर बुधवारी रात्री, शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला शोधताना. तिथे केंद्रे एकमेकांना इतकी खेटून बसलेली असत की बोट जरा जास्त सरले तर गाण्याऐवजी भलत्याच भाषेतल्या बातम्या. म्हणून रेडिओत दोरी आणि चाकांची योजना असे: नॉबला बरेच वेढे द्यावे, तेव्हा काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाई. ज्या घरात तो काटा हलक्या हाताने जागेवर आणणारी एखादी आत्या किंवा काका असे, त्या घराला आळीत मान असे.

आपल्या सुरांसाठी नॉबची ही खटपट मराठी माणसांना नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या आधारे श्रुती मोजल्या आणि 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. षड्ज आणि पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती. त्यांतली हवी ती निवडायला पट्ट्यांखाली नॉब. बारा पट्ट्यांच्या पेटीला आपल्या गळ्याच्या जवळ आणायचे ते अखेर नॉबच्याच वाटेने.

एवढे सगळे झाल्यावर आमच्या पुतण्याला वाटले की आपला डबा सिद्ध झाला. थ्रीडी प्रिंटरवर त्याने गोल, गुळगुळीत, काळेभोर नॉब काढले होते. प्रत्येकावर एक बारीक पांढरी रेघ. दिसायला मोठे देखणे. तो डबा घेऊन तो आमच्या गल्लीतल्या गायनाच्या मास्तरांकडे गेला. मास्तरांचे वय ऐंशीच्या घरात. दृष्टी जन्मापासून नाही. हल्ली संधिवाताने बोटे आखडली, त्यामुळे तंबोऱ्याची खुंटी त्यांना पिळवत नाही. तंबोऱ्यावर बसणारे विद्यार्थी नोकऱ्यांसाठी पुण्या-बंगलोरला गेले. मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो हे त्यांना ठाऊक आहे; पण त्या काचेवर बोटाला काही सापडत नाही. पहाटे रियाजाला बसायचे तर आधी सुनेला उठवायचे, “बाळ, जरा सूर लावून दे” म्हणायचे, आणि तिने लावलेला सूर पाव श्रुती उतरला असला तरी तिची झोपमोड पुन्हा नको म्हणून तसाच गोड मानून घ्यायचा. साठ वर्षे दुसऱ्यांना षड्ज देणाऱ्या माणसाला आपला स्वतःचा षड्ज असा मागून घ्यावा लागत होता.

मास्तरांनी डब्यावरून हात फिरवला, एक नॉब चिमटीत धरला, उजवी-डावीकडे केला आणि विचारले, “अरे बाबू, हा कुठे पाहून राहिला?”

पुतण्या म्हणाला, “मास्तर, त्याच्यावर पांढरी रेघ आहे ना.”

“ती तुझ्यासाठी आहे, बाप्पा. याला नाक दे. नाकावरून मला समजेल याचं तोंड कुठे आहे ते.”

या एका प्रश्नात नॉबचे सारे शास्त्र आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 विमानांचे काही वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच पोटात घेत आणि विमान जमिनीवर आपटे. दोष वैमानिकांच्या माथी मारला जाई. आल्फॉन्स चापानीस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही कामांच्या मुठी शेजारी शेजारी आणि अगदी सारख्या. त्याने चाकांच्या मुठीला चाकाचा आकार आणि झडपांच्या मुठीला पाचरीचा आकार सुचवला. मग अंधारात, थकलेल्या हातालाही भेद कळू लागला. डोळे असलेल्या जवानांचा जीव ज्या युक्तीने वाचला, तीच आमच्या मास्तरांना हवी होती.

पुतण्या पुन्हा माडीवर चढला. मोठ्या नॉबला त्याने कोंबडीच्या चोचीसारखे टोक दिले. जुन्या रेडिओंवर असे नॉब असत. छोटा नॉब गोलच ठेवला, पण कडेला खाचा आणि माथ्यावर बोटाला लागेल असा उंचवटा दिला. गाळणीचा नॉब तिकोनी केला. बारीक नॉबच्या मधोमध ‘टक्’ असा अडकाव होता, तो काढून टाकला. कारण सूर त्या खाचेच्या अगदी शेजारी हवा असला तर दांडी हट्टाने खाचेतच पडते. दोन नॉबांत एक बोट जाईल एवढी जागा सोडली. त्यासाठी डबा रुंद करावा लागला आणि त्याचे देखणेपण थोडे कमी झाले. दांडी इतकी सैल ठेवली की दुखऱ्या बोटाने फिरावी, आणि इतकी घट्ट की वायरीच्या धक्क्याने ढळू नये.

नागपूरच्या उन्हाने आपली परीक्षा घेतलीच. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे असताना नॉबांचा एक संच बंद मोटारीत राहिला आणि संध्याकाळपर्यंत वाकला. कारण छपाईचे ते नेहमीचे प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. आता नॉब चिवट प्लास्टिकचे, आणि आत पितळी बुश. तापमानाबरोबर सूरही थोडा सरकतो, तेव्हा बारीक नॉबला रोज हात लावावा लागतोच. मास्तरांची त्याबद्दल तक्रार नाही. ते म्हणतात, तंबोरा तरी कुठे रोज न लावता वाजत होता!

पहाटे साडेपाचला त्यांच्या खिडकीतून आता षड्ज ऐकू येतो. आधी जरा खाली, मग जरा वर, मग जागेवर. सून झोपलेली असते.

हल्ली सगळे कारभार काचेवर गेले आहेत. पंखा, शेगडी, मोटारीतला रेडिओ, सर्वांवर सपाट काच. ती पुसायला सोपी आणि बनवायला स्वस्त, हे मान्य. पण तिला नाक नाही. वाचकहो, या दिवाळीत घरात एखादे नवे यंत्र येणार असेल तर दुकानात एक करून पाहा: डोळे मिटा आणि त्याचा कान पिळा. बोटांना वाट सापडली तर खुशाल घरी आणा. नाही सापडली, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यासाठी रोज कोणाला तरी हाक मारावी लागणार आहे, हे ध्यानात असू द्या. माणसांच्या राज्यात बळी तो कान पिळी, हे आहेच. यंत्राचा कान मात्र घरातल्या सर्वांत दुबळ्या बोटाला पिळता आला पाहिजे.