दिल्लीत जाऊन वरण-भातच का?

मा. संपादक,


दिल्लीच्या सहलीत घरचे जेवण मिळावे, अशी मागणी करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. शनिवार-रविवार जोडून राजधानी पाहायला गेलेल्या एका जोडप्याला साधा वरण-भात मिळाला नाही, तेव्हा सहल कंपन्यांवर महाराष्ट्रीय जेवणाचे बंधन घालावे, असे पत्रलेखकाचे म्हणणे आहे. मला ते मुळीच पटत नाही. पंधरा दिवसांच्या चारधाम यात्रेत घरच्या चवीसाठी जीव कासावीस होतो, हे मान्य. पण दोन दिवसांकरिता दिल्लीला जायचे आणि जेवायची वेळ झाली की पुन्हा आपल्याच ताटावर बसायचे, म्हणजे निम्मी दिल्ली न पाहताच परतायचे.

आधी व्यवहाराचे बोलू. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता अशाच एका सहलीबरोबर गेलो होतो. शनिवारी लाल किल्ला पाहून झाला, समोर चांदणी चौक दिसत होता आणि आमची बस मात्र वाहतुकीतून वाट काढत करोलबागेतल्या हॉटेलकडे निघाली. का, तर तिथे महाराष्ट्रीय जेवण तयार होते! वरण, बटाट्याची भाजी, श्रीखंड. जेवण चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाण्यायेण्यात दुपार सरली आणि चांदणी चौक ‘बसमधून पाहिला’ या यादीत जमा झाला.

किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा तो रस्ता २०२१पासून दिवसा मोटारींना बंद आहे. दीड किलोमीटरही अंतर नाही. चालत जावे, वाटेत जैन लाल मंदिर, शीशगंज गुरुद्वारा पाहावा आणि पराठेवाली गल्लीत शिरावे. तिथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, तुपाच्या कढईत पुरीसारखा तळतात. सोबत लाल भोपळ्याची भाजी आणि चिंचेच्या आंबटगोड चटणीत केळ्याच्या चकत्या. जैन-बनिया व्यापाऱ्यांची ही वस्ती, त्यामुळे परंपरेने कांदा-लसूण वर्ज्य. ‘उत्तरेत शाकाहाऱ्याने खायचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा या गल्लीत जाऊन यावे. सकाळी लवकर पोहोचलात तर उडदाच्या डाळीचे सारण भरलेली बेडमी पुरी आणि हिंगाच्या वासाची बटाट्याची रस्साभाजी मिळते. थंडीत दुधाच्या फेसाची ‘दौलत की चाट’ मिळते. ती जिभेवर ठेवेपर्यंत विरघळलेली असते.

दुसरी गोष्ट इतिहासाची. गाइड आपल्याला मोगल आणि इंग्रज सांगतो आणि थांबतो. १९४७ साली लाखो निर्वासित या शहरात आले आणि दिल्लीचा तोंडवळाच बदलला, हे कुठल्या इमारतीवर लिहिलेले नाही. ते ताटात वाढलेले आहे. पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजात ‘मोती महल’ सुरू केले आणि तंदूर दिल्लीच्या हॉटेलांत रुळला. त्यांच्यापैकी बटर चिकन पहिल्यांदा कुणी केले, यावरून २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. एका पदार्थासाठी लोक कोर्टाची पायरी चढतात, तिथे आपण डब्यातल्यासारखे जेवून यायचे?

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिल्ली राजधानी आहे, म्हणून तिथे राज्याराज्यांची भवने आहेत. त्यांतल्या काहींच्या कँटीनमध्ये सर्वसामान्यांनाही जेवता येते. रविवारी आम्ही सहलीच्या जेवणाला रजा दिली आणि इंडिया गेटजवळच्या आंध्र भवनात गेलो. कूपन घ्यायचे, रांगेत उभे राहायचे, नंबर लागला की अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे. स्टीलच्या ताटात भात, पप्पू, रस्सम. टेबलावर पोडीची, म्हणजे डाळीच्या कोरड्या चटणीची, वाटी आणि तूप. ज्यांना वरण-भातावाचून करमत नाही त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पप्पू म्हणजे वरणाचाच आंध्रातला भाऊ आहे. शेजारी बसलेला शिपाई कुठला, अधिकारी कुठला, हे ताटावरून ओळखता येत नव्हते. संसद भवन बाहेरून पाहण्यापेक्षा देशाची राजधानी मला तिथे अधिक कळली.

आता आक्षेप. वयस्कर माणसांना तूप-तेल सोसत नाही, पथ्यपाणी असते. आमच्याकडेही आहे; ह्यांना मधुमेह आहे. मागाहून आमचे आम्ही चांदणी चौकात गेलो, तेव्हा दोघांत मिळून एक पराठा घेतला, जिलबीकडे पाठ फिरवली आणि रात्री खोलीवर दही-भात मागवला. पथ्य आपले आपण सांभाळायचे असते. त्यासाठी चाळीस जणांच्या बसला करोलबागेत नेण्याचे कारण नाही.

आणि मराठी अस्मितेचे म्हणाल, तर तिला खाद्य लाल किल्ल्यातच आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली, ती फौजेचा खर्च भागवण्यासाठी. पुढे पानिपतावर त्याच फौजेची अन्नावाचून काय दशा झाली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दिवाण-ए-खासमध्ये उभे राहून हे सांगणारा एक तरी जाणकार सहलीबरोबर द्या, अशी मागणी मराठी पर्यटकाने केली असती तर मी त्या पत्राखाली सही केली असती.

खरे तर ‘घरगुती जेवण’ ही प्रवाशांपेक्षा कंपन्यांचीच सोय आहे. एक हॉल, एक स्वयंपाकी, ठरलेला दर, कुणी हरवायची भीती नाही. त्याचे बंधन करा म्हणणे म्हणजे आपणहून पायात बेडी घालून घेणे. माझी उलट सूचना आहे. दोन दिवसांच्या सहलीत एक दुपार आणि एक रात्र जेवणासाठी मोकळी ठेवावी, त्या जेवणांचे पैसे सहलीच्या दरातून वजा करावेत आणि जवळपास शाकाहारी-मांसाहारी काय मिळते, याचा कागद हातात द्यावा. ज्यांना वरण-भातच हवा त्यांच्यासाठी कस्तुरबा गांधी मार्गावर आपले महाराष्ट्र सदन आहेच!

– एक वाचक, सांगली