पुढचा कोण, मागचा कोण?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. उड्डाणपूल बांधायचा किंवा सिग्नलची वेळ ठरवायची असेल, तर हल्ली आधी संगणकात खोट्या गाड्या पळवून बघतात. माझा भाचा याच क्षेत्रातला. गणित हा काही माझा प्रांत नाही, पण त्याने समजावल्यावर कळलं की या खेळाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : पुढच्या गाडीमागे माणूस आपली गाडी कशी चालवतो?

१९५३ साली अमेरिकेत पाइप्स यांनी एक साधा नियम गणितात मांडला. वेग ताशी १० मैलांनी वाढला की पुढच्या गाडीपासून आणखी एका गाडीच्या लांबीएवढं अंतर ठेवायचं. २००० साली जर्मनीत ट्रायबर आणि सहकाऱ्यांनी जे सूत्र दिलं, त्यात आपला वेग, पुढचं अंतर आणि दोन गाड्यांच्या वेगातला फरक, एवढ्यावरून चालक वेग वाढवेल की ब्रेक दाबेल हे ठरतं.

जपानमधला एक प्रयोग तर मजेदारच. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सर्वांनी ताशी ३० किलोमीटरने जायचं. ना सिग्नल, ना खड्डा. तरीही थोड्या वेळात कोंडी झालीच! कुणीतरी किंचित हळू झालं, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी... म्हणजे अपराधी एकही नाही, आणि शिक्षा सगळ्यांना.

हे सगळं मला मनापासून आवडलं. पण या सूत्रांत एक गोष्ट गृहीत धरली आहे. गाड्या एका रांगेत आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे एकच गाडी आहे. आता आपल्या कुठल्याही शहरातला चौक डोळ्यांसमोर आणा. स्कूटरवाल्याच्या पुढे अर्धी बस, अर्धी रिक्षा, आणि त्याची नजर त्या दोघांमधल्या फटीवर! त्याचा 'पुढचा' कोण? सुरक्षित अंतर सोडावं, तर ती जागा दुसराच कुणी भरतो.

आपल्याकडचे संशोधक यावर काम करत आहेत. दिल्लीच्या केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेने २०१७ मध्ये खास भारतीय रस्त्यांसाठी क्षमता-पुस्तिकाही काढली. ही दिशा योग्यच. माझं म्हणणं एवढंच, की परदेशी सूत्राचे आकडे जसेच्या तसे उचलून इथल्या रस्त्याचा निर्णय घेऊ नये. आधी आपल्या चौकात उभं राहून मोजावं. आणि मोजताना रस्ता ओलांडणारी माणसंही मोजावीत. संगणकात फक्त गाड्याच धावल्या, तर कागदावर कोंडी सुटेल, पण आमच्या वयाच्या माणसाला पलीकडे जायला पुरेसे सेकंद कुणी ठेवणार नाही.

जो हिशेबात नाही, त्याला रस्त्यावरही जागा मिळत नाही. तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.