धाप लागतेय? मग सलाईन मागू नका

भोर-वेल्ह्यातल्या माझ्या माणसांनो, पावसाळा तोंडावर आलाय. एकदा भातलावणी सुरू झाली की कुणाला दुखण्याखुपण्याकडे बघायला सवड नसते. आणि वरंधा घाटाच्या अंगाला किंवा तोरण्याच्या पलीकडे असलेल्या वाड्यावस्त्यांवरून भर पावसात, रात्रीच्या वेळी पेशंट खाली आणणं काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हात जोडून विनंती आहे, याच आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय बघा.

माझ्या आत्याचे आम्ही बघितले नाहीत. तिची जोडवी बोटात रुतली, ती सोनाराकडून कापून आणली आणि ‘वयानं सुजतात पाय’ म्हणून विषय संपवला. रात्री ती आडवी होत नसे. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून कणगीला पाठ टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायची. फार थकवा आला तेव्हा तिला दवाखान्यात नेलं आणि आम्हीच म्हणालो, “एक सलाईन लावा, तरतरी येईल.” बाटली संपायच्या आत तिला श्वास घेता येईना, तोंडाला फेस आला. तिला तसंच पुण्याला हलवलं. ती घरी परत आली नाही.

तिला होतं ते हार्ट फेल्युअर. नावावरून वाटतं तसं यात हृदय बंद पडलेलं नसतं. ते चालू असतं, पण थकलेलं असतं. धडधाकट हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं. थकलेल्या हृदयाला तेवढं पुढे ढकलवत नाही आणि रक्त मागे तुंबतं. भाटघरला भिंतीशी अडलेलं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात किती आतवर चढतं, ते आपण पाहतोच. तसाच हा फुगवटा. हृदयाच्या डाव्या बाजूचा फुफ्फुसात चढतो, मग चढावर धाप लागते, रात्री दचकून उठून बसावं लागतं. उजव्या बाजूचा पायांत आणि पोटात उतरतो. त्यात मूत्रपिंडांची फसगत होते. रक्त कमी पोचलं की त्यांना वाटतं अंगातलं पाणीच आटलं, म्हणून ती मीठ आणि पाणी आणखी धरून ठेवतात.

अशा शरीरात आपण सलाईन सोडतो. अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना धट्ट्याकट्ट्या माणसालाही दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. जुलाब-उलट्यांत हीच बाटली जीव वाचवते, पण सूज आणि धाप असताना ती जीवावर बेतू शकते. डॉक्टरांकडे जा, तपासून घ्या, पण ‘सलाईन लावाच’ असा हट्ट धरू नका.

गुडघेदुखीच्या गोळ्यांचंही तेच. लावणीनंतर मेडिकलमधून पानंच्या पानं नेली जातात. त्यांतल्या बऱ्याचशा गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात.

टूडी इको केला की लोक एवढंच विचारतात, “पंपिंग किती?” ते 40 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर हृदय ढिलं पडलंय, बहुतेकदा जुन्या अटॅकमुळे, कधी दारूमुळे. पण दुसरीही एक तऱ्हा आहे. वर्षानुवर्षं बीपी अंगावर काढलं की हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते. ते सैलावत नाही, म्हणून नीट भरत नाही. त्यात पंपिंग 50च्या वर, अगदी छान दिसतं, आणि माणूस धापा टाकत असतो. तेव्हा नुसत्या आकड्यावर निर्धास्त राहू नका.

तरण्यांनाही हे होतं. लहानपणी घसा धरून मग सांधे सुजण्याचा ताप आला असेल, तर हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असू शकतात. बाळंतिणीला धाप लागली तर ‘ओली बाळंतीण आहे, होतं असं’ म्हणू नका, लगेच दाखवा. बाळंतपणाच्या आगेमागे हृदय ढिलं पडण्याचा आजार असतो.

नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खळगा राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. आजार ठाऊक असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर मांस चढलेलं नाही, पाणी साठलंय. एसटीचा प्रवास आहे म्हणून लघवीची गोळी बुडवणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. बायांनो, गोळी बुडवू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

आणि रात्रीत धाप वाढलीच, तर 108 ला फोन करा. माणसाला आडवं करू नका, पाय खाली सोडून बसतं ठेवा. गाडी वस्तीपर्यंत येत नसेल तर चालवत नेऊ नका, झोळीतही घालू नका. घरातली खुर्ची घ्या, त्यात बसवा आणि चौघांनी उचलून रस्त्यावर आणा.